आंबोलीत तीन दिवसांचा मुक्काम : चालण्यासाठी कोणत्या वाटा निवडाव्यात?

कुळागर

नमस्कार. दरवर्षी चवथीचे पाहुणे परतले आणि माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) उतरवली की घर एकदम रिकामे वाटू लागते आणि दोन-तीन दिवस कुठेतरी जाऊन यावे, असा विषय निघतो. या वर्षी तो नुसता निघाला नाही, तर आंबोलीत तीन दिवसांसाठी खोल्याही सांगून झाल्या आहेत. आम्ही फोंड्याहून सहा जण आहोत : मी, यजमान, माझे वडील, भावजय, तिचा १४ वर्षांचा मुलगा आणि माझी ९ वर्षांची मुलगी. वडील ७१ वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला आहे. सपाटीवर ते माझ्या पुढे असतात, पण उतरताना मात्र कठडा शोधतात.

आम्हाला गाडीतून उतरून छायाचित्र काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे, असा प्रवास नको आहे. रोज तीन-चार तास चालणे व्हावे, अशी इच्छा आहे. महादेवगड, कावळेसाद, हिरण्यकेशी, नांगरतास, नारायणगड, चौकुळचा सडा आणि मनोहरगड एवढी नावे मी काढून ठेवली आहेत. अडचण अशी आहे की, जिथे म्हणून वाचले तिथे या सातही ठिकाणांना ‘निसर्गरम्य’ आणि ‘नयनरम्य’ हीच दोन विशेषणे लावलेली आहेत, त्यामुळे त्यांतून निवड कशी करावी ते कळत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाणार आहोत. कृपया जाणकारांनी सांगावे.

मीठमिरची

पावसाळा सरेपर्यंत आंबोलीच्या सर्व पॉइंटांवरून एकच दृश्य दिसते आणि ते पांढऱ्या रंगाचे असते. त्यामुळे सर्वांत जवळचा पॉइंट निवडावा आणि उरलेला वेळ भज्यांना द्यावा, असे माझे नम्र मत आहे.

जांभादगड

मीठमिरची यांनी थट्टेत लिहिले असले, तरी निवडीची खरी किल्ली त्यांच्याच वाक्यात आहे.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी ओठावर वसलेली आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सपाट कोकण ओलांडून या कड्यावर थडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या पणजीच्या दुपटीहून अधिक. तेच वारे ढगांनाही कड्यावर रेटून धरतात. बहुतेक पॉइंट नेमके कड्यावर असल्याने सप्टेंबर संपेपर्यंत त्यांच्यासमोर दरी असते. ती दिसेलच, असे मात्र नसते.

म्हणून शेवटी काय दिसणार आहे, यावरून या महिन्यात वाट निवडू नये. चालताना दोन्ही बाजूंना आणि पायाखाली काय आहे, यावरून ती निवडावी. ज्या वाटेचे सारे वैभव शेवटच्या कठड्यापाशी साठवलेले आहे, ती वाट धुक्यात वाया जाते, आणि जी वाट पावलागणिक थोडेथोडे देत राहते, तिला धुक्याने उलट शोभाच येते. या कसोटीवर कावळेसाद मागे पडतो. तिथला उलटा धबधबा प्रसिद्ध आहे खरा. कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी दरीतून चढणारा वारा पुन्हा वर उडवून देतो आणि आपल्याला खालून पाऊस लागतो. पण त्यासाठी वारा जोराचा हवा आणि धुके विरळ हवे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे हा नशिबाचा भाग आहे. वारा असेल त्या दिवशी ते अवश्य पाहावे, पण त्याला चालणे म्हणता येणार नाही.

महादेवगडाकडे जाणारा रस्ता गर्द झाडीतून जातो. गावातून पायी गेल्यास एका बाजूने दोन-तीन किलोमीटर पडतात आणि चढउतार सौम्य आहे. टोकाला काही दिसले नाही, तरी झाडांच्या खोडांवरचे शेवाळ, आमरी आणि नेचे पाहतच तास निघून जातो. चौकुळचा सडा ही माझी पहिली पसंती, आणि त्याविषयी सवडीने लिहितो.

म्हादईकाठ

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा असल्यामुळे माझा पक्षपात आधीच मान्य करतो. पण आपल्याकडे सह्याद्री नाहीच, अशा समजुतीने गोवेकर दर पावसाळ्यात उठून आंबोलीला का धावतात, हे मला आजवर उमगलेले नाही. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे आहे आणि गोव्यातले सर्वांत उंच, हजार मीटरच्या वरचे सोसोगड हे शिखर सत्तरीतच आहे. चोर्ला घाटातून वळून सुर्ला गावी गेलात, तर आंबोलीइतकीच थंड हवा मिळते, समोरच्या दरीत धबधबे कोसळताना दिसतात आणि भज्यांच्या गाड्यांची रांग नसते. फोंड्याहून तर ते जवळही पडते.

पेडण्याचा वाटसरू

म्हादईकाठबाब, सुर्ला सुचवताना कोणते सुर्ला, ते कृपया ठळक अक्षरांत लिहीत जावे. एक सुर्ला सत्तरीत घाटमाथ्यावर आहे. दुसरे तांबडी सुर्ला धारबांदोडा तालुक्यात, महादेवाच्या कदंबकालीन मंदिरापाशी आहे. तिसरे सुर्ला डिचोली तालुक्यात, खाणींच्या पट्ट्यात. आम्ही चार मित्र फोनवरच्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवून थंड हवेच्या शोधात निघालो आणि खनिजाच्या ट्रकांमागून तिसऱ्या सुर्लात पोचलो. तिथल्या दुकानदाराने शांतपणे विचारले, "वयले सुर्ल जाय आसले?" (वरचे सुर्ला हवे होते का?) आमच्यासारखे आणखी बरेच जण त्याने पाहिले असावेत.

म्हादईकाठ

चूक मान्य. सत्तरीतले, वरचे सुर्ला.

साखळीकर मास्तर

कुळागरताई, आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘कठडा’ हा आहे, आणि त्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

किल्ला चढताना आपण पायथ्यापासून निघतो. दम असतो तेव्हा चढतो आणि दमल्यावर उतरतो. थंड हवेच्या ठिकाणी हा क्रम उलटा होतो. मुक्काम माथ्यावर असल्याने धबधब्याकडे किंवा दरीकडे जाणारी प्रत्येक वाट आधी खाली नेते आणि परतीचा चढ दमल्यावर पदरात टाकते. उतरणे सोपे वाटते म्हणून माणसे नको तितकी खाली जातात. बदललेल्या गुडघ्याला तर उतारच अधिक जाचतो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार त्या सांध्यावर झेलून थांबवावा लागतो. तेव्हा आपल्या वडिलांसाठी वाट किती लांब आहे हे न विचारता ती किती खाली उतरते, हे विचारावे. सपाटीवरचे सहा किलोमीटर त्यांना जमतील. शेवाळलेल्या जांभ्याच्या दीडशे पायऱ्या जमणार नाहीत.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एक जुना नियम शिकवीत असे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा, असा तो साधारण आहे. मात्र तो धडधाकट प्रौढांसाठी आहे. नऊ वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे आजोबा एकत्र असतील, तर आलेल्या उत्तराची मी दुप्पट करीन आणि त्यात बेडूक पाहण्यासाठी थांबण्याचा वेळ वेगळा धरीन.

बेळगावची माहेरवाशीण

माझे माहेर बेळगाव आणि सासर म्हापसा, त्यामुळे गेली पंचवीस वर्षे आंबोली ही माझी निम्म्या वाटेवरची चहाची जागा आहे. माझा एकच सल्ला आहे आणि तो वाटांविषयी नसून वारांविषयी आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गोवा, बेळगाव आणि कोल्हापूरच्या गाड्या एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या असतात. एकदा तर धबधब्याच्या खालच्या वळणावर आम्ही दीड तास गाडीत बसून होतो आणि माझ्या धाकट्याने तेवढ्यात गृहपाठ पूर्ण केला. मंगळवार ते गुरुवार जाता आले, तर तेच आंबोली तुम्हाला ओळखू येणार नाही.

नांगरतासविषयीही सांगते. नांगराने तास काढावा, तशी खडकात एक अरुंद घळ पडली आहे आणि सगळे पाणी त्या चिरेत घुसते. पाणी जोरात असेल तर पुलावर बोलणे ऐकू येत नाही. ते आंबोलीहून घाटमाथ्यावरच्या हमरस्त्यालगत आहे, तेव्हा चालण्याच्या यादीत न धरता जाता-येता थांबण्याच्या यादीत धरावे.

दिशाहीन

चौदा वर्षांच्या मुलाचा विचार कोणीच करत नाही, याचे वाईट वाटते. आजोबांच्या चालीने तीन दिवस फुले पाहिल्यावर तो पुन्हा कधी सहलीला येणार नाही! त्याच्यासाठी मनोहरगड ठेवावा. मनोहरगड आणि मनसंतोषगड हे शेजारशेजारचे जोडकिल्ले आहेत आणि वाट शिवापूर किंवा शिरशिंगे गावातून चढते. आग्र्याहून सुटून आल्यानंतर १६६७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांचा मुक्काम मनोहरगडावर होता. पुढे १८४४-४५ मध्ये सावंतवाडी संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले, तेव्हा इंग्रजांनी या गडावर तोफा डागल्या आणि बंडवाल्यांपैकी काही जण सरहद्द ओलांडून गोव्यात, पोर्तुगीज मुलखात आश्रयाला आले. म्हणजे तो आपल्याही इतिहासाचा भाग आहे. चढाईचा नोंदवलेला मार्ग माझ्या फोनमध्ये आहे. हवा असल्यास पाठवतो. वाटाड्याची आवश्यकता नाही.

जांभादगड

दिशाहीन, आपण तो मार्ग कोणत्या महिन्यात नोंदवला होता?

दिशाहीन

जानेवारीत.

जांभादगड

तेच विचारायचे होते. जानेवारीत गवत वाळून खाली बसलेले असते, गुरांच्या पायवाटा स्वच्छ दिसतात आणि हवा निवळलेली असल्यास आंबोलीच्या कड्यावरून पश्चिमेला समुद्राची रेघही दिसते. सप्टेंबरच्या शेवटी तेच गवत कमरेपर्यंत आणि कुठेकुठे डोक्यापर्यंत वाढलेले असते. फोनवरची रेघ तुम्ही वाटेवर आहात एवढेच सांगते. त्या वाटेवरचा दगड हलतो आहे किंवा कड्याची कडा गवताखाली दोन पावलांवर संपते आहे, हे ती सांगत नाही. मनसंतोषगडाची वाट तर कोरड्या दिवसांतही अवघड आहे. मुलाला मनोहरगड जरूर दाखवावा, पण डिसेंबरात. आणि वाटाड्याची आवश्यकता नाही, या विधानाशी मी अजिबात सहमत नाही. दिवसाला जे काही मानधन ठरेल, ते त्या गावातल्या घरात जाते, आणि ज्या वाटेवर पर्यटकांमुळे चार पैसे मिळतात ती वाट गावकरी राखतात.

आता चौकुळविषयी. आंबोलीहून दहा-बारा किलोमीटरवर हे गाव आहे आणि गावाबाहेर जांभ्याचा विस्तीर्ण सडा आहे. सडा म्हणजे ओसाड माळ, अशी समजूत असेल तर ती उन्हाळ्यात खरी ठरते. पावसाळ्याच्या अखेरीस मात्र त्या दगडावरच्या बोटभर मातीत आणि साचलेल्या पाण्यात फुलांचे थर येतात. पांढऱ्या टोप्या घातल्यासारखे गेंद, निळीजांभळी सीतेची आसवे, पिवळी कवळ्याची फुले आणि कडेने गुलाबी तेरडा. सीतेची आसवे ही वनस्पती दिसायला नाजूक असली, तरी कीटकभक्षी आहे. मातीत अन्नांश जवळजवळ नसल्याने ती पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना आपल्या इवल्या पिशव्यांत पकडून गरज भागवते. हे सांगितल्यावर नऊ वर्षांची मुलगी तासभर त्या दगडावरून उठणार नाही, याची मी हमी देतो. चालणे जवळजवळ सपाट आहे आणि वडिलांना कठड्याची गरज भासणार नाही.

धुकेरी

वर फुलांविषयी लिहिलेले वाचून आनंद झाला, आणि म्हणूनच एक विनंती करते. सड्यावर चालताना उघड्या दगडावर पाय ठेवावा, हिरव्या भागावर ठेवू नये. छायाचित्रासाठी ताटव्यात बसलेल्या एका माणसामुळे मातीचा तो पातळ थर निघून गेला, की पुढच्या वर्षी तिथे काळा दगडच उरतो.

आंबोलीत मी बेडकांच्या निरीक्षणासाठी अनेकदा राहिले आहे. या परिसराबाहेर क्वचितच कुठे सापडेल असा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली भेक तिथे आहे. २००९ मध्ये नवी जाती म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. तो विणीसाठी पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडतो, त्यामुळे सप्टेंबरात दिसेलच, असे नाही. मलबार चापडा हा साप मात्र दिसू शकतो. तो हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत आढळतो, विषारी आहे आणि वाटेलगतच्या खालच्या फांद्यांवर तासन् तास निश्चल बसून राहतो. तो अंगावर धावून येत नाही, पण आधारासाठी न पाहता फांदी धरणाऱ्याने त्यालाच धरले, तर दोष त्याचा नाही. म्हणून वडिलांच्या हाती काठी असू द्यावी.

मुलांना एका संध्याकाळी जाणकार स्थानिक माणसाबरोबर रात्रीच्या फेरीला पाठवावे. विजेऱ्या विझवून थोडा वेळ उभे राहिल्यास ओल्या, कुजक्या लाकडावर काही बुरशा हिरवट उजेडाने चमकताना दिसतात. अशी बुरशी म्हादईच्या जंगलातही आहे, हे म्हादईकाठ यांच्या समाधानासाठी नमूद करते.

आता जळवा. त्या असणारच. लांब मोजे विजारीवर ओढून घ्यावेत. जळू चिकटली तर ओढू नये. नखाने तिचे तोंडाकडचे टोक बाजूला सरकवल्यास ती सुटते. मीठ शिंपडत जंगलातून जाऊ नये, कारण बेडकांच्या ओल्या त्वचेला ते अपाय करते.

मीठमिरची

माझे नाव उगाचच बदनाम होत आहे. गेल्या वर्षी माझ्या पायांवरून सतरा जळवा निघाल्या होत्या आणि त्यांतली एकही माझ्या मिठाने मेली नाही. बहुधा माझ्या रक्तातली मिरची त्यांना लागली असावी.

कुळागर

सर्वांचे मनापासून आभार. एका रात्रीत एवढी उत्तरे येतील, असे वाटले नव्हते. मास्तरांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. "शाळा सुटली तरी मास्तर सुटत नाहीत," असे म्हणून त्यांनी काठी आणण्याचे मान्य केले आहे. दोन शंका राहिल्या. हिरण्यकेशीविषयी कोणी काहीच लिहिले नाही. ते नुसते देवळात जाऊन येणे आहे का? आणि म्हादईकाठ यांनी सुचवलेल्या सुर्लाचा पर्याय एका दिवसासाठी ठेवता येईल का?

म्हादईकाठ

ताई, आता मीच माझ्या सूचनेला मुरड घालतो. अभयारण्यातल्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात बरेच धबधबे बंद ठेवले जातात, कारण व्हाळांना (ओढ्यांना) अचानक पाणी चढून माणसे वाहून गेलेली आहेत. सुर्ला गावापर्यंत रस्त्याने जाऊन कड्यावरून पाहता येईल, पण आंबोलीच्या मुक्कामात ते कोंबू नये. दिशाच वेगळी आहे. फोंड्याहून एखाद्या रविवारी निराळे यावे. दूधसागराच्या वाटेला मात्र रेल्वेमार्गावरून जाऊ नये. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून निघालेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि वडिलांचा गुडघा पाहता तो व्यायाम त्यांना मानवणार नाही.

साखळीकर मास्तर

हिरण्यकेशी हे नुसते देवळात जाऊन येणे खचितच नाही. गावापासून रस्त्याने पाचएक किलोमीटर अंतर आहे आणि शेवटचा भाग पायी जायचा आहे. देवळामागच्या गुहेतून जे पाणी बाहेर येते तोच नदीचा उगम. समुद्र इतका जवळ असताना ही नदी पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला मिळते आणि शेवटी ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. याच डोंगररांगेत, मनोहरगडाच्या बाजूला उगम पावणारी तेरेखोल मात्र पश्चिमेला उतरून आपल्या पेडण्याच्या सीमेवर अरबी समुद्राला मिळते. नातीला घाटमाथ्यावर उभे करून दोन्ही हात पसरायला सांगावे आणि कोणत्या हाताचा पाऊस कोणत्या समुद्रात जाणार, ते विचारावे. भूगोलाचा इतका सोपा धडा मला वर्गात कधी देता आला नाही.

धुकेरी

मास्तरांच्या उत्तराला पुरवणी : देवळासमोरच्या कुंडात एक लहानसा मासा आहे. २०२० मध्ये त्याची नवी जाती म्हणून नोंद झाली आणि नदीवरूनच त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. त्याच्या रक्षणासाठी २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. म्हणून पाण्यात पाय सोडून बसू नये आणि पाण्यात खाऊही टाकू नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

बेळगावची माहेरवाशीण

चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) उरल्या असतील तर बरोबर घ्याव्यात. चालताना खाण्यासाठी त्यांच्याइतका सोयीचा पदार्थ नाही, आणि नाही तरी आता घरात त्या कोणी खात नाही.

कुळागर

आम्ही कालच परतलो. कबूल केल्याप्रमाणे वृत्तान्त लिहीत आहे.

आम्ही मंगळवार ते गुरुवार राहिलो. पहिल्या दिवशी दुपारी हिरण्यकेशीला गेलो. पाऊस भुरभुरत होता आणि आमच्याशिवाय तिथे एकच कुटुंब होते. कन्येने हात पसरून दोन्ही समुद्रांची वाटणी केली, परंतु ऐन वेळी तिने डावे-उजवे उलटे धरल्याने तेरेखोल बंगालच्या उपसागरात गेली. मासा दिसला की नाही, हे खात्रीने सांगता येणार नाही. काहीतरी हलले, एवढे सर्वांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी चौकुळ. आम्ही उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकांनी "तिकडे काही पॉइंट नाही, बघण्यासारखे काही नाही," असे सांगून आम्हाला परावृत्त करण्याचा मनापासून प्रयत्न केला. गावातून एक वाटाड्या बरोबर घेतला होता. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच गव्याचे ताजे शेण दाखवून सर्वांना एका रांगेत आणि हळू आवाजात चालायला लावले, जे मला घरी नऊ वर्षांत जमलेले नाही. सड्यावर पोचलो तेव्हा दाट धुके होते आणि वीस पावलांपलीकडचे माणूस दिसत नव्हते. जांभादगड यांनी लिहिलेले त्या वेळी पुरते पटले. दूरचे काही दिसतच नसल्याने सगळे जण खाली पाहू लागले. सीतेची आसवे कीटक खातात, हे कळल्यावर कन्येने प्रत्येक फुलाला "आज काय खाल्लेस?" असे विचारायला सुरुवात केली. वडील साडेतीन तास चालले, मध्ये दोनदाच बसले आणि परतताना मला म्हणाले की, गुडघा बदलल्यापासून सर्व जण त्यांना फक्त बाकावर बसवतात. मी त्यावर काही बोलले नाही, कारण त्यांना बाकावर बसवणाऱ्यांत मीच पुढे असते.

तिसऱ्या दिवशी पहाटे भाचा आणि यजमान त्याच वाटाड्याबरोबर नारायणगडाकडे गेले. गवत कमरेच्या वर होते, पायवाट मधूनमधून लुप्त होत होती आणि फोन खिशातच राहिला, असे भाच्याने दिशाहीन यांना मुद्दाम कळवायला सांगितले आहे. आम्ही बाकीचे तोवर महादेवगडाच्या रस्त्याने रमतगमत गेलो. मास्तरांच्या हिशेबाने सव्वा तास लागायला हवा होता. दोन तास दहा मिनिटे लागली. त्यांतली पंचवीस मिनिटे एका गोगलगाईमुळे गेली.

कावळेसादला परतीच्या दिवशी थांबलो. वारा नव्हता, पाणी मुकाट्याने खाली पडत होते.

मीठमिरची

वृत्तान्त उत्तम आहे, परंतु मुख्य मुद्दा राहिला. महादेवगडावरून दृश्य कोणत्या रंगाचे दिसले?

कुळागर

पांढरे.

दिशाहीन

भाच्याला माझ्याकडून शाबासकी सांगावी. गवताविषयी जांभादगड यांचे म्हणणे मान्य करतो. नोंदवलेल्या मार्गाखाली आता महिना लिहीत जाईन. डिसेंबरात आम्ही चौघे मनोहरगडाला जाणार आहोत. शिवापुरात वडीलधाऱ्यांच्या राहण्याची सोय होते का आणि आपल्या वाटाड्यांचा संपर्क मिळेल का?

कुळागर

शिवापूरविषयी त्यांनाच विचारावे लागेल. त्यांचा क्रमांक त्यांच्या परवानगीविना इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. संध्याकाळी सातनंतर फोन करावा. त्याआधी ते भातशेतीत असतात आणि तिथे रेंज नसते. डिसेंबरात जागा असेल तर भाच्यालाही घेऊन जावे, असे त्याने माझ्या शेजारी उभे राहून लिहायला लावले आहे.